अर्ध्या तासाची तहान

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सातजण उत्तराखंडातील हर-की-दूनच्या वाटेने निघालो होतो. सांक्री गाव मागे पडले की बाजाराचे जग हळूहळू संपते. पुढे सुपिन नदीचा आवाज सोबतीला असतो आणि झाडीतून उतरणारे लहानलहान ओढे वाट ओलांडून तिला जाऊन मिळतात. दुसऱ्या दिवशी दुपारी अशाच एका ओढ्यावर आम्ही बाटल्या भरल्या. माझ्याबरोबर माझ्या थोरल्या बहिणीचा तेरा वर्षांचा मुलगा होता. पाणी इतके निर्मळ होते, की तळाचे खडे मोजून घ्यावेत. नियमाप्रमाणे मी बाटलीत क्लोरीनची गोळी टाकली. भाच्याने विचारले, "मावशी, आता पिऊ?" चढणीने त्याचा चेहरा लाल झाला होता. गोळी तर विरघळलेली दिसत होती. औषधाचा वास त्याला आवडणार नाही म्हणून मी बाटलीत संत्र्याच्या सरबताची पूड ढवळली आणि पाच मिनिटांच्या आत ती त्याच्या हाती दिली.

त्यानंतरच्या दुसऱ्या रात्री त्याला जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत त्याला उभे राहवेना. सोबत्यांनी पुढची वाट सोडून खेचराची व्यवस्था केली आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे घोट देत देत आम्ही त्याला खाली आणले. मुलगा बरा झाला. परंतु त्या दीड दिवसाच्या उतरणीत ताईला काय सांगावे, याखेरीज दुसरा विचार माझ्या मनात नव्हता. दोष त्याच बाटलीचा होता, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तथापि त्या एका बाटलीत मी दोन चुका केल्या होत्या, हे मला मागाहून समजले. औषध माझ्याजवळ होते, ते मी वापरलेही होते. आणि तरीही ते न वापरल्यासारखेच झाले होते.

वाचकहो, पाठीवर पिशवी घेऊन डोंगरदऱ्यांतून पायी हिंडण्याची आवड आज आपल्या देशात झपाट्याने वाढत आहे. आपण इंदुरास राहत असा वा बडोद्यास, हैदराबादेस वा दिल्लीस, आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी येत्या सुट्टीत हिमालयात, निलगिरीत अथवा सह्याद्रीत जाण्याचा बेत करीत असेल. त्यांच्यासाठी आणि त्यांना निरोप देणाऱ्या आईवडिलांसाठी ही माहिती येथे एकत्र केली आहे.

निर्मळ म्हणजे निर्दोष नव्हे

चढणीवर दिवसभर चालणाऱ्या माणसाला तीन ते चार लिटर पाणी सहज लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दोन दिवसांचे पाणी बरोबर घ्यावयाचे तर सात-आठ किलोंचा भार नुसत्या पाण्याचाच झाला. साहजिकच प्रवाशाला वाटेत मिळेल ते पाणी घ्यावे लागते, आणि ते घेताना तो आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

डोळ्यांची मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. बहुतेक रोगजंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. विषाणू त्याहूनही कितीतरी सूक्ष्म. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन वैज्ञानिकाने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. भोवतालची वस्ती त्याच तळ्यात धुणे धूत होती, आंघोळ करीत होती आणि त्याचेच पाणी पीत होती. डोंगरातील ओढ्याची गोष्ट याहून फार वेगळी नसते. आपण जेथे ओंजळ भरतो त्याच्या वर अर्ध्या कोसावर मेंढ्यांचा कळप बसलेला असतो, खेचरांचा तांडा पाणी ओलांडून गेलेला असतो, किंवा आपल्यासारख्याच एखाद्या पथकाने तंबू ठोकलेले असतात. त्यांचे जे काही प्रवाहात मिसळते, ते आपल्या बाटलीपर्यंत येईतो पूर्ण अदृश्य झालेले असते.

राजधानीतील एक धडा

पाण्यात औषध टाकले म्हणजे सारे काही झाले, असे समजणाऱ्यांनी दिल्लीची एक घटना ध्यानात ठेवावी. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे येऊन वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या ठिकाणी मिसळले. शुद्धीकरण केंद्रावरील लोकांच्या ध्यानात हे आले आणि त्यांनी तुरटीचे व क्लोरीनचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वरासारख्या जंतुजन्य रोगांची साथ उसळली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत शहरात काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण आढळले. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे १९८० च्या सुमारास तपासले गेले, तेव्हा ही कावीळ ठाऊक असलेल्या प्रकारांतील नव्हती असे दिसून आले. आज आपण तिला हेपटायटिस ई म्हणून ओळखतो. गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक ठरते.

क्लोरीन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच क्लोरीनने विषमज्वराला रोखले होते. मात्र घाण पाण्यात औषधाचे बळ कोठे खर्च होते, हे कळल्याखेरीज त्याच्यावर विसंबता येत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

पाणी कोठून घ्यावे

उत्तम औषधाहून उत्तम पाणवठा श्रेष्ठ. खडकातून थेट बाहेर पडणारा झरा मिळाल्यास त्याला पहिली पसंती द्यावी. गढवाल-कुमाऊंमध्ये अशा झऱ्यांच्या तोंडाशी गावकऱ्यांनी दगडी बांधकाम करून धारा आणि नौले जतन केले आहेत. त्यांचे पाणी पिण्यासाठी राखलेले असते. तेथे पाय धुणे किंवा भांडी घासणे हा गावाचा अपमान समजावा. झरा नसेल तर वाहता ओढा पाहावा, आणि तोही वस्ती, गोठण व तळ यांच्या वरच्या अंगाला. साचलेले डबके शेवटचा उपाय म्हणून ठेवावे. त्यातूनही पाणी घ्यावे लागलेच, तर काठाचा गाळ आणि वरचा तवंग टाळून मधल्या थरातील पाणी सावकाश घ्यावे.

सह्याद्रीतील भटकंतीत झऱ्यांपेक्षा खडकात खोदलेल्या टाक्यांशी अधिक गाठ पडते. शिवकालीन राज्यकारभाराची परंपरा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे आणि टाकी बांधून त्याचा साठा राखावा, असा उपदेश आहे. ती टाकी खोदणाऱ्यांनी त्यांवर पहाराही ठेवला होता. आज तो नाही. तेव्हा पिण्याचे टाके कोणते, हे पायथ्याच्या गावात विचारूनच वर जावे. उन्हाळ्यात एखाद्या टाक्यावर हिरवी-निळी साय धरलेली असेल तर ते पाणी वर्ज्य मानावे. काही शेवाळी विषे तयार करतात आणि ती विषे उकळल्याने वा क्लोरीनने जात नाहीत. शेतातील कीटकनाशके आणि कारखान्यांची रसायने यांचीही तीच गत आहे. औषधाची गोळी जंतू मारते. विष ती काढू शकत नाही.

आधी गाळावे, मग औषध घालावे

क्लोरीनचा स्वभाव असा, की त्याला समोर जे सेंद्रिय द्रव्य आढळेल त्याच्याशी त्याचा संयोग होतो. पालापाचोळ्याचा अंश, माती, शेण आणि जंतू यांत ते भेद करीत नाही. गढूळ पाण्यात टाकलेले औषध प्रथम त्या गढूळपणावरच खर्ची पडते, आणि जे उरेल तेवढेच जंतूंच्या वाट्याला येते. शिवाय मातीच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून पाणी आधी गाळणे हा उपचाराचाच पहिला भाग होय.

गाळण्यासाठी महागडे साधन लागत नाही. बांगलादेशातील मतलब भागात वैज्ञानिकांनी एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्याचे कारण. धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाचे धागे फुगून वीण दाट होते. म्हणून नव्या साडीपेक्षा जुनी साडी बरी. आपल्या पाठपिशवीत आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा असू द्यावा. वापरल्यावर तो धुवावा आणि उन्हात वाळवावा.

पाणी फार गढूळ असेल तर पातेल्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून ते निवळू द्यावे आणि वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे. आपल्याकडे हे ज्ञान पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्यासाठी कतक म्हणजे निवळीच्या बियांचा उल्लेख आढळतो. मात्र निवळलेले पाणी हे औषधासाठी तयार झालेले पाणी होय, पिण्यासाठी नव्हे.

मात्रा आणि मुदत

सार्वजनिक पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा तेथील नळ विरंजक चूर्णाने निर्जंतुक करण्यात आले. १९०५ मध्ये लिंकन शहराने आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने नियमित क्लोरीन घालण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, सैनिकाच्या खिशात मावेल अशी हॅलझोन नावाची गोळी निघाली. आज मिळणाऱ्या गोळ्या अधिक टिकाऊ आहेत. आपल्या देशात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेही अशी गोळी सिद्ध केली. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटर पाण्याला पुरते.

येथेच पहिली सावधगिरी बाळगावी लागते. बाजारात एक लिटरच्या, पाच लिटरच्या आणि वीस लिटरच्या अशा निरनिराळ्या गोळ्या असतात आणि त्या दिसायला बऱ्याचशा सारख्या असतात. वीस लिटरची गोळी एका बाटलीत टाकणे जितके अयोग्य, तितकेच अंदाजाने तिचे तुकडे करणेही अयोग्य. आपल्या बाटलीच्या मापाचीच गोळी घ्यावी, वेष्टनावरील सूचना वाचावी आणि मुदत संपण्याची तारीख पाहावी. क्लोरीन हवा, प्रकाश व दमटपणा यांनी उडून जाते. फाटलेल्या वेष्टनातील गोळी टाकून द्यावी. गोळी नसेल आणि रंग वा सुगंध न मिसळलेले ५ ते ६ टक्के शक्तीचे साधे हायपोक्लोराइट द्रावण असेल, तर स्वच्छ पाण्याच्या एका लिटरला दोन थेंब हे प्रमाण धरतात. पाणी किंचित गढूळ असल्यास दुप्पट.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. औषध विरघळणे निराळे आणि त्याचे काम पूर्ण होणे निराळे. क्लोरीनला जंतूच्या कवचातून आत शिरून त्याचा नाश करण्यास वेळ लागतो. हा वेळ कमीत कमी अर्धा तास. पाणी थंड असेल तर रासायनिक क्रिया मंदावते. बर्फ वितळून आलेल्या ओढ्याचे पाणी हाताला बोचते, त्या पाण्याला एक तास तरी द्यावा; त्याहून अधिक देता आला तर उत्तमच. अर्ध्या तासानंतर झाकण उघडून वास घ्यावा. क्लोरीनचा मंद वास आला तर औषध पुरून उरले असे समजावे. वास मुळीच येत नसेल तर सारे औषध मळावरच खर्ची पडले. तितकीच मात्रा पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा वास पाहावा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. गोळी टाकून बाटली हलविल्यावर झाकण किंचित सैल करून बाटली क्षणभर उलटी धरावी, म्हणजे औषधाचे पाणी आट्यांमधून बाहेर झिरपेल. एरवी ओढ्याचे चार थेंब त्या आट्यांतच राहतात आणि पिताना नेमके ओठांना लागतात.

आता माझ्या चुकांविषयी. पहिली चूक घाईची होती. दुसरी सरबताची. अशा पुडींत बहुधा क जीवनसत्त्व घातलेले असते, लिंबात ते निसर्गतःच असते; आणि क जीवनसत्त्व क्लोरीनला तत्काळ निष्प्रभ करते. म्हणजे पाच मिनिटांत जे थोडेबहुत काम चालू झाले होते, ते मी माझ्याच हाताने थांबविले होते. लिंबू, सरबत, आमसुलाचे सार, काय मिसळावयाचे ते मुदत पूर्ण झाल्यावर मिसळावे. तेव्हा मात्र तोच गुण उपयोगी पडतो आणि औषधाची चव निघून जाते.

आयोडिनच्या गोळ्या वा दोन टक्के अर्कही याच कामासाठी वापरतात. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरला अर्काचे पाच थेंब आणि मुदत तीच, अर्ध्या तासाची. परंतु गर्भवती स्त्रिया आणि कंठस्थ ग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा विकार असलेल्यांनी ते वर्ज्य करावे, आणि इतरांनीही दीर्घकाळ वापरू नये.

औषधाच्या मर्यादा

काही जीव क्लोरीन आणि आयोडिन यांना दाद देत नाहीत. जियार्डिया हा त्यांपैकी चिवट. थंड पाण्यात तर त्याला कित्येक तास लागू शकतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्याहूनही चिवट. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या शुद्ध केलेल्या नळपाण्यातून तो पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. गुरे आणि मेंढ्या चरतात त्या खोऱ्यांत या जीवांची शक्यता गृहीत धरावी. क्लोरीन डायऑक्साइड या निराळ्या औषधाच्या गोळ्या त्यांच्यावर चालतात, पण त्यांना चार तास द्यावे लागतात. रात्री झोपताना घालून ठेवणे हा त्यावरचा सोपा मार्ग. पोकळ तंतूंच्या लहान गाळण्या या जीवांना आणि बहुतेक जंतूंना अडवितात, परंतु काविळीचे विषाणू त्यांतून पार होतात. म्हणून आपल्याकडील पाण्यासाठी आधी गाळणी आणि मग क्लोरीन, अशी जोडी असावी. गाळणी एकदा गोठली की आतून फुटते. हिमालयात ती रात्री अंथरुणात जवळ घेऊन झोपावे.

उकळणे हा या सर्वांवर खात्रीचा उपाय आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. हर-की-दून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे ते सुमारे ८८ अंशांना उकळते. तेवढी उष्णताही जंतूंना पुरेशी असते. दोन हजार मीटरांच्या वर खळखळून उकळी फुटल्यावर तीन मिनिटे थांबावे, इतकेच. अडचण असते ती इंधनाची, आणि पाण्यासाठी देवदाराच्या फांद्या तोडणे कोणालाही शोभणार नाही. यास्तव सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाबरोबर उकळलेले पाणी आणि दिवसा वाटेवर औषधाचे, अशी वाटणी सोयीची पडते.

दोन बाटल्यांचा नियम

या साऱ्या ज्ञानाचा उपयोग तहान लागलेली असताना होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तेव्हा व्यवस्थाच अशी करावी, की धीर धरण्याची वेळ येऊ नये. प्रत्येकाजवळ एक-एक लिटरच्या दोन बाटल्या असाव्यात. एकीतील पाणी पीत असताना दुसरीतील पाणी तयार होत असावे. पहिली संपण्याची वाट न पाहता ती अर्ध्यावर आली की पुढच्या पाणवठ्यावर दुसरी भरावी, गाळावी, गोळी घालावी. तयार होत असलेल्या बाटलीच्या गळ्याला तांबडा दोरा बांधावा आणि मुदत भरल्यावरच तो सोडावा. पथकातील एकाने घड्याळाची जबाबदारी घ्यावी. गोळ्यांची एक पट्टी दुसऱ्या कोणाच्या पिशवीतही ठेवावी. जुलाबावरील क्षारसंजीवनीची पाकिटे प्रत्येकाजवळ असू द्यावीत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. ती पाकिटेही निर्जंतुक पाण्यातच कालवावयाची असतात, हे विसरू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

आणि आणखी एक. ज्या ओढ्याचे पाणी आपण पितो, त्याच्या खालीही कोणाची तरी घागर भरली जाते. शौचास प्रवाहापासून किमान सत्तर पावले दूर जावे, खड्डा करून माती लोटावी. साबण ओढ्यात नेऊ नये. गोळ्यांची रिकामी वेष्टने परत आणावीत. वरच्या वाटसरूने हे पाळले असते तर, असे आपण म्हणतो. खालच्यांच्या दृष्टीने तो वरचा वाटसरू आपणच असतो.

गेल्या वर्षी माझा भाचा पुन्हा माझ्याबरोबर डोंगरात आला. आता तो उंचीने माझ्यापुढे गेला आहे. पहिल्या दिवशी एका ओढ्याशी बाटली भरून त्याने जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळली, गोळी घातली, झाकण सैल करून बाटली उलटी धरली आणि गळ्याला तांबडा दोरा बांधला. मला तहान लागली होती, आणि माझी दुसरी बाटली मी भरावयास विसरले होते. मी हात पुढे केला. त्याने मनगटावरील घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "मावशी, अजून बावीस मिनिटे." ती बावीस मिनिटे आम्ही दोघे एका दगडावर बसून राहिलो.